आठ नटांचा प्रश्न

स्मरणिकेसाठी लेख द्या असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी विषय विचारला. "काहीही चालेल, फक्त लहानपणच्या गणेशोत्सवाच्या आठवणी नकोत, त्या सात जणांच्या आल्या आहेत," असं उत्तर मिळालं. म्हणून हा लेख ट्रकच्या चाकांवर आहे. वाचून झाल्यावर तक्रार करायची असेल तर ती संपादकांकडेच करावी.

विषय तसा घरातूनच आला. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आमच्या शेजाऱ्याला ऑफ-रोडचं वेड आहे. म्हणजे खडकांवरून, ओढ्यातून, चिखलातून ट्रक चढवायचा आणि तो अडकला की दुप्पट आनंद मानायचा. आठवडाभर हा गृहस्थ एका विमा कंपनीत इतरांच्या जोखमीचा हिशोब करतो (हे मी विनोदासाठी रचलेलं नाही) आणि शनिवारी गॅरेज उघडून स्वतःची जोखीम वाढवतो. गॅरेज उघडल्यावर दहा मिनिटांत माझा सतरा वर्षांचा मुलगा तिथे हजर असतो. घरी स्वतःचं ताट न उचलणारा हा मुलगा तिथे दोन-दोन तास ग्रीस पुसत बसतो.

गेल्या वर्षी त्या गॅरेजात एक पेच उभा राहिला. ट्रकचा पुढचा ॲक्सल १९८० च्या दशकातल्या फोर्ड एफ-३५० चा. डेना ६० या नावाने हे लोक तो ओळखतात आणि त्याच्याबद्दल आपण देवगड हापूसबद्दल बोलतो तशा आदराने बोलतात. मागचा ॲक्सल मात्र नंतरच्या फोर्ड सुपर ड्यूटीचा. दोन्ही भंगारातून आणलेले, दोन्ही दणकट. दोन्हींच्या हबवर आठ-आठ स्टड. पण पुढचं चाक मागे बसेना! जंगलात टायर फाटला तर एक जादा चाक पुरायचं नाही, दोन न्यावी लागतील.

ज्यांनी आयुष्यात टायर बदलण्यासाठी फक्त फोन केला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाक ज्या स्टडांवर बसतं ते एका वर्तुळावर सारख्या अंतराने लावलेले असतात. स्टड किती आणि त्या वर्तुळाचा व्यास किती, या दोन आकड्यांना बोल्ट पॅटर्न म्हणतात. आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभी असलेली टोयोटा कॅमरी ५×११४.३ ची आहे. मिलिमीटरमध्ये असा विचित्र आकडा दिसला की समजावं, हा मूळचा इंचातला. ११४.३ म्हणजे साडेचार इंच. विलीस जीपचा पॅटर्न पाच स्टड आणि साडेपाच इंच, म्हणजे १३९.७, तो १३९.७ आज अनेक जपानी पिकअपांवर सहा स्टडांबरोबर नांदतो आहे. जपानला जाऊन मेट्रिक झाला, पण मूळ गाव काही लपत नाही. (आपल्या उच्चारांचंही असंच आहे.)

अमेरिकेतल्या जड पिकअप ट्रकांचा जुना पॅटर्न आठ स्टड आणि साडेसहा इंच, म्हणजे १६५.१ मिलिमीटर. फोर्डने १९९९ च्या सुपर ड्यूटीपासून तो १७० केला. जनरल मोटर्सने २०११ पासून १८०. शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये पुढे १६५.१ होता आणि मागे १७०. फरक ४.९ मिलिमीटर. मध्यापासून मोजला तर अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. डोळ्यांना दिसत नाही, स्टड मात्र आत जात नाहीत.

हा लेख त्या अडीच मिलिमीटरांत काय काय मावतं, त्याबद्दल आहे.

फरक एवढा थोडा असल्यामुळे पहिला मोह होतो तो चाकाची भोकं जरा लांबट करून घ्यायचा. नट आवळले की बसतंय! शेजाऱ्याच्या एका मित्राने हे अगदी सहज सुचवलं. शेजाऱ्याने त्याला कॉफी दिली आणि विषय बदलला. कारण चाक नेमकं कशाने धरलेलं असतं ते त्याला ठाऊक होतं. आपल्याला वाटतं, स्टड म्हणजे खुंट्या आणि गाडीचा भार त्या खुंट्यांवर. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते बहुतेक भार पेलतं. आणि आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा नटाखाली आणि आट्यांमध्ये झिजून जातो. मध्ये रंगाचा जाड थर राहिला, गंज राहिला, भोक वाकडं राहिलं, की काही मैलांत दाब उतरतो, चाक सूक्ष्म हलू लागतं आणि स्टड खरोखरच खुंट्या होतात. मग ते तुटतात. म्हणूनच चाक बसवल्यावर पन्नास-शंभर मैलांनी नट पुन्हा तपासायचे असतात.

दुसरा उपाय ॲडॅप्टरचा. म्हणजे एक जाड चकती; ती एका पॅटर्नने हबवर बसते आणि तिच्यावर दुसऱ्या पॅटर्नचे स्टड असतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा हा लाडका उपाय. दोन प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत? मध्ये दुभाषा बसवा. माझं निम्मं घर अशा दुभाष्यांवर चाललं आहे, तेव्हा मी त्याची निंदा करणार नाही. चांगल्या पोलादाचा किंवा चांगल्या ॲल्युमिनियमचा, नीट बनवलेला ॲडॅप्टर वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याने चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवरचा भार बदलतो, आणि एका सांध्याचे दोन सांधे होतात. त्यातले आतले आठ नट चाकामागे झाकले जातात. चाक काढल्याशिवाय ते दिसत नाहीत.

कीर्तनात आपण ऐकलेली गोष्ट आठवा. युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निघाली आणि कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं. तो पहिला ॲडॅप्टर. रथ चालला, युद्ध जिंकलं. पण हिशोब मिटला नव्हता, दोन वर शिल्लक होते, आणि ते वसूल झाले तेव्हा ज्याला किंमत मोजावी लागली तो रामचंद्र त्या रथात नव्हताच. वाल्मीकींच्या रामायणात हे बोट नाही, तिथे ती राजाला रणातून सुखरूप बाहेर काढते. बोट लोकांनी घातलं. लोकांना चाकाचा सांधा कळत होता.

तिसरा उपाय हब आणि ब्रेकची तबकडी यंत्रशाळेत नेऊन नवी भोकं पाडायचा. १६५.१ आणि १७० ची भोकं एकमेकांवर चढतात, म्हणून सगळा पॅटर्न साडेबावीस अंशांनी फिरवून दोन जुन्या भोकांच्या मधोमध नवं भोक पाडतात. आठाची सोळा होतात. शेजाऱ्यांच्या मध्यबिंदूंमध्ये साधारण ३३ मिलिमीटर अंतर राहतं. भोकाचा स्वतःचा व्यास वजा केला की मध्ये किती पोलाद उरतं ते मुलाने कागदावर काढलं. त्याचा त्रिकोणमितीचा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. शेजाऱ्याने हाच मार्ग निवडला. मागचे हब १६५.१ चे करून घेतले. काम सुबक झालं होतं. पावतीवर मात्र ठसठशीत शिक्का होता: फक्त ऑफ-रोड वापरासाठी.

हा शिक्का अमेरिकेत कित्येक सुट्या भागांवर असतो. विकणाऱ्याला माहीत असतं की ट्रक जंगलापर्यंत रस्त्यानेच जाणार. घेणाऱ्यालाही माहीत असतं. शिक्क्याचं काम एकच, उद्या काही झालं तर बोट दुसरीकडे दाखवणं. मी हसणार होतो, पण आमच्या धंद्यातला परवाना आठवला. 'आहे तसं', कसलीही हमी नाही, कुठल्याही नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. पन्नास पानांचा तो शिक्का न वाचता 'मान्य'वर बोट ठेवणं हा आपल्या सगळ्यांचा रोजचा उद्योग.

तर ट्रक तयार झाला आणि जेवताना मुलाने जाहीर केलं की मेमध्ये तो शेजाऱ्याबरोबर जाणार. खडकांचं ठिकाण घरापासून दोनशे मैल. ट्रक हायवेने चालवत न्यायचा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, खडकांवर जा, माझी हरकत नाही. हायवेने त्या ट्रकमधून नाही.

मुलाला हे उलटं वाटलं. धोका तर खडकांवर आहे, ट्रक तिथे उलटू शकतो! बरोबर आहे. पण खडकांवर जे असतात ते सगळे काय आहे ते जाणून आलेले असतात. वेग ताशी तीन मैल. चाक निघालं तर शेजारी शिव्या देईल आणि मुलगा मोबाइलवर चित्रीकरण करेल. हायवेवर सत्तर मैलांच्या वेगात तेच चाक निघालं तर ते समोरून येणाऱ्या कुणाच्या तरी काचेवर जाईल. त्या गाडीतल्या बाईला १६५.१ आणि १७० चा फरक कुणी समजावलेला नसतो. तिला कुणी विचारलेलं नसतं. आपल्या छंदाच्या जोखमीत आपण तिला भागीदार केलेलं असतं, आणि नफ्यात तिचा वाटा शून्य असतो.

"माझा ट्रक, माझा जीव" हे इथलं आवडतं वाक्य. पहिला अर्धा भाग खरा आहे. टेक्सासने २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंदच केली. काही परगण्यांत धुराची चाचणी उरली आहे, नट कुणी पाहत नाही. जर्मनीत एका प्रकल्पावर असताना पाहिलं, तिथे चाकामागे साधा स्पेसर लावला तरी तपासनिसाचा कागद लागतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलं की निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येणार नाही. मला या तिन्हींपैकी एकही पूर्णपणे पटत नाही. पहिल्यात अनोळखी बाई विसरली जाते. बाकीच्या दोहोंत माणूस कागद मिळाला की सुटला, असा समज होतो. भारतात तर कागद आणि गाडी यांची भेट क्वचितच होते.

शेजारी माझ्याहून शांत. त्याचं म्हणणं असं: मी उत्तम कारागिराकडून काम करून घेतलं, टॉर्क रेंचने नट आवळले, तपासले, पुन्हा तपासले. माणूस याहून काय करणार? यानंतरही काही झालं तर तो अपघात. माझा दोष नाही.

हे ऐकायला इतकं रास्त आहे की मी बराच वेळ त्यावर अडलो. टोरोंटोजवळ माझी मावसबहीण असते, वकील आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे चाकाच्या बाबतीत हे चालत नव्हतं रे." ओंटारिओत १९९० च्या दशकात मोठ्या ट्रकांची चाकं निखळून रस्त्यावरची माणसं मेली. १९९७ मध्ये प्रांताने कायदा केला. व्यावसायिक ट्रकचं चाक धावताना निखळलं, की चालवणारी कंपनी दोषी. दोन हजार ते पन्नास हजार डॉलर दंड. आम्ही सगळी काळजी घेतली होती, हा बचावच त्या कायद्याने नाकारला. कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तुरुंग नाही, फक्त दंड आहे, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण.

मला हे आधी अन्यायाचं वाटलं. ज्याने सगळं केलं तोही दोषी आणि ज्याने काहीच केलं नाही तोही? मग काळजी घ्यायची कशाला? ताईचं उत्तर वकिली नव्हतं. म्हणाली, "काळजी घेतली हे सिद्ध करणं सोपं असतं, चाक टिकवणं अवघड. कायद्याला चाक टिकायला हवंय."

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच परिसंवादात 'नैतिक नशीब' या विषयावर निबंध वाचले होते. विल्यम्सचं उदाहरण योगायोगाने ट्रक ड्रायव्हरचंच. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येतं. लोक त्याला सांगतील, तुझा दोष नाही, आणि ते बरोबरच सांगतील. पण तो लगेच "हो, खरंच नाही" म्हणून जेवायला बसला, तर त्याच लोकांना त्याच्याबद्दल काहीतरी खटकेल. दोष नसतानाही ती घटना त्याची आहे. बाजूने जाणाऱ्या माणसाची ती नाही.

आपल्यातला कुणीतरी इथे गीता काढणारच, म्हणून मीच काढतो. फळाची आशा धरू नये, हे आपल्याला पाठ असतं. पण अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. दैव शेवटी येतं, आधीच्या चारांचा हिशोब झाल्यावर. आपण मात्र ते सोयीने आधी आणतो. फळाची आशा सोडणं आणि फळाची जबाबदारी सोडणं यांत फरक आहे, आणि मिळेल ते श्रेय घ्यायला कुणी निष्काम नसतो, दोषाची वेळ आली की सगळे निष्काम होतात.

बाबा मिरजेला असतात. रेल्वेत डबे तपासण्याच्या खात्यात त्यांची नोकरी गेली. माझ्या लहानपणी मिरजेला तिन्ही रूळ होते, ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, आणि कुर्डुवाडीची नॅरोगेज ७६२. तिथे कुणी ॲडॅप्टर लावत नसे. माणसं आणि पोती उतरून दुसऱ्या गाडीत चढत. गाडी आली की चाकांवर हातोडी मारत, आवाज ऐकत एक माणूस जायचा. बाबांना मी शेजाऱ्याचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "काळजी घेतली होती, हे चौकशी समितीपुढे म्हणायचं वाक्य आहे. गाडी सोडताना ते मनात आलं तर गाडी सोडायची नाही." मग त्यांनी विचारलं, इथे पाऊस आहे का.

मी ताईच्या बाजूचा झालो, पण पूर्ण नाही. दंडाच्या धाकाने कंपनी नट आवळेल. शनिवारच्या गॅरेजात तो कायदा पोचत नाही, आणि पोचूही नये असं मला वाटतं. माणसाने हाताने काही करावं, बिघडवावं, जमवावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या मुलांच्या हातात पडद्याशिवाय काही उरलेलं नाही. म्हणून मुलाला त्या गॅरेजातून मी कधीच बोलावणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मूळ पॅटर्न आपण बदलला त्या क्षणी कारखान्यातल्या अभियंत्याची सही पुसली आणि तिथे आपली झाली. चांगलं काम केलं म्हणून ती सही फिकी होत नाही.

शेजाऱ्याला मी सुचवलं की ट्रक ट्रेलरवर चढवून नेऊ, भाडं मी देतो. तो हसला. म्हणाला, "ट्रेलरलाही चाकं असतात. आणि लोकांची ट्रेलरची चाकं निखळतात, मी दावे पाहतो." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ट्रेलर निर्मात्याने बनवला तसा आहे, त्याच्या हबवर सोळा भोकं नाहीत, एवढंच मी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ठीक आहे, पण नट आपणच तपासायचे, भाड्याने देणाऱ्याचा शब्द घ्यायचा नाही.

ट्रेलरला दोन ॲक्सल, चार चाकं, प्रत्येकी आठ नट. पॅटर्न आठ स्टड, साडेसहा इंच. तोच जुना १६५.१. मेच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाच वाजता आमच्या दारात मुलगा टॉर्क रेंच घेऊन वाकला होता. आधी समोरासमोरचे, मग आडवे, क्रम चुकू न देता. पन्नास मैलांवरच्या पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी बाजूला घेऊन पुन्हा सगळे बत्तीस पाहिले. मुलाचा मेसेज आला: तिसऱ्या चाकावरचा एक नट थोडा फिरला, बाकी ठीक, पुढे निघतोय.